टीसीएल किती टाकायची, आणि वासाबद्दलच्या शिव्या कोणी खायच्या?

प्रश्न: मी आठ महिन्यांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून लागलो. विहिरीचं पाणी टाकीत चढतं आणि तिथून नळानं गावात जातं. टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकली की बायका म्हणतात, पाण्याला औषधाचा वास येतो, चहा नासतो. सरपंच म्हणतात कमी टाक. आरोग्य सेवक ओटी बघतात (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते; उरला असेल तर पिवळा रंग येतो) आणि म्हणतात निगेटिव्ह आहे, वाढव. नक्की किती टाकायची? माझे हात फाटतात, ठसका लागतो, त्याला काय करू? आणि आता गावात आरओचं वॉटर एटीएम आलं आहे, मग हा सगळा खटाटोप कशाला?

उत्तर: मी आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. ३२ वर्षांत किती विहिरींच्या कठड्यावर बसून बादलीत पावडर कालवली त्याचा हिशेब नाही. तुम्ही ज्या कात्रीत सापडला आहात त्यात प्रत्येक जलसुरक्षक सापडतो. तेव्हा भाऊ, आधी वासाचंच बोलू, कारण भांडण तिथून सुरू होतं.

लोकांना वाटतं, वास आला म्हणजे औषध जास्त झालं. पुष्कळदा उलटं असतं. पाण्यात घाण असेल, कुजलेला पालापाचोळा, गटाराचा किंवा उकिरड्याचा पाझर असेल, तर त्यात अमोनिया असतो. क्लोरीन आधी त्याच्याशी जुळतो आणि त्यातून क्लोरामाइन नावाची संयुगं बनतात. नाकात जाणारा तो उग्र दर्प बहुतेक वेळा त्यांचा. ती जंतू मारतात, पण फार सावकाश. डोस अपुरा पडला की सगळा क्लोरीन असा गुंतून बसतो आणि जंतू मारायला मोकळा क्लोरीन उरत नाही. म्हणजे वासही येतो आणि ओटीही निगेटिव्ह. तुमच्या गावात हेच चाललं असावं असा माझा अंदाज आहे. सरपंच आणि आरोग्य सेवक दोघं एकाच पाण्याबद्दल बोलतायत आणि आपापल्या जागी दोघंही खरं सांगतायत.

दुसरं कारण तुमच्या आमच्या सवयीचं. तीन दिवस पावडर नाही, चौथ्या दिवशी कोणी आलं की अख्खं भगुलं. नाकाला रोजची गोष्ट कळत नाही, अचानक आलेली कळते. रोज सारखा डोस जाणाऱ्या गावात पंधरा दिवसांत तक्रार थांबलेली मी पाहिली आहे. चहाचं म्हणाल, तर पाणी उकळलं की क्लोरीन उडून जातो. नासतं ते दूध.

आता किती टाकायची. आपल्याकडे चालत आलेला हिशेब १००० लिटरला ५ ग्रॅमचा. ५० हजार लिटरची टाकी असेल तर २५० ग्रॅम. टाकीवर आकडा लिहिलेला असतो, विहिरीवर नसतो, आणि गोंधळ तिथे होतो. कोणी सांगतं विहीर आठ परस (खोलीचं जुनं माप) आहे. परसाचा हिशेब इथे चालत नाही आणि एकूण खोलीचाही नाही. दोरीला दगड बांधून सोडा, दोरी जेवढी भिजली तेवढं पाणी. मग फुटात व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, की लिटर आले. १४ फूट रुंद विहिरीत १८ फूट पाणी असेल तर १४ × १४ × १८ × २२, म्हणजे साधारण ७७,६०० लिटर. त्याला ३९० ग्रॅमच्या आसपास पावडर. उन्हाळ्यात त्याच विहिरीत ५ फूट पाणी उरलं की १०८ ग्रॅम पुरते. मे महिन्यातही ऑगस्टचाच डोस टाकणारे लोक मी बघितले आहेत. तिथे मात्र वासाची तक्रार सोळा आणे खरी असते.

पण हा ५ ग्रॅमचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे, की पावडर चांगली आहे. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये जादा चुना घालून ती उष्ण हवेत टिकावी म्हणून केलेली. ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो. जादा चुन्यानं ती टिकते म्हणजे अमर होत नाही. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडतो आणि मागे उरतो चुना. दिसायला तीच पांढरी पावडर. नमुना तपासून २० टक्क्यांच्या खाली आला तर ती पावडर वापरायची नसते. बरोबर २० आली तर २५० ग्रॅमच्या जागी ४१२ ग्रॅम टाकावी लागते, तेव्हा कुठे तेवढाच क्लोरीन मिळतो. एका गावात ग्रामपंचायतीच्या जिन्याखाली दोन वर्षं पडलेलं पोतं इमानानं रोज वापरत होते. नोंदवही चोख, ओटी रोज निगेटिव्ह, आणि पाणीपुरवठ्याचा शिपाई बिचारा बोलणी खात होता. त्याची चूक एवढीच की तो रोज विहिरीत चुना टाकत होता.

पावडरची टक्केवारी प्रयोगशाळेतून येईपर्यंत थांबायचं नसेल तर माझी बादल्यांची युक्ती करून बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पावडरचा डोस ठरवायची हॉरॉक टेस्टची पेटी असते, तिचंच हे गावठी रूप. १ लिटर पाण्यात तुमचीच पावडर ३० ग्रॅम कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ घ्या. पाच प्लॅस्टिकच्या बादल्यांत विहिरीचं पाणी मोजून २० लिटर भरा. सुई काढलेल्या सिरिंजनं पहिलीत १ मिली निवळ, दुसरीत २, तिसरीत ३, असं पाचवीपर्यंत. ढवळा, झाका, एक तास सोडा. मग प्रत्येकीची ओटी घ्या. ज्या पहिल्या बादलीत ०.५ चा (लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन) रंग आला तो तुमचा डोस. हिशेब सोपा आहे: जितके मिली, त्याच्या दीडपट ग्रॅम पावडर १००० लिटरला. तिसऱ्या बादलीत रंग आला तर साडेचार ग्रॅम. यातली गंमत अशी की पावडर किती टक्क्यांची आहे हे माहीत नसलं तरी गणित चुकत नाही, कारण तुम्ही तीच पावडर आणि तेच पाणी वापरलं. पाचव्या बादलीतही रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे, नाहीतर पाणी फार घाण आहे. दोन्ही गोष्टी लेखी कळवायच्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही चाचणी पुन्हा करा, कारण पहिल्या पावसाबरोबर विहिरीत काय काय उतरतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावं लागतं. मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

०.५ च का, यावर एक जुनी गोष्ट सांगतो. १९५५च्या शेवटी दिल्लीत यमुनेच्या पाण्याबरोबर सांडपाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी आलं. पाणी शुद्ध करणाऱ्यांनी क्लोरीन वाढवला. टायफॉइड, हगवण वाढली नाही. पण काही आठवड्यांनी काविळीची साथ आली, २९ हजारांच्या आसपास लोक पिवळे झाले. पुढे कळलं की तो हिपॅटायटिस ई. जिवाणू मरायला पुरला तेवढा क्लोरीन विषाणूला पुरला नव्हता. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा आम्हा मंडळींना हीच दिल्ली आठवत होती. म्हणून भारतीय मानकात नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन सांगितला आहे, आणि विषाणूची भीती असेल तेव्हा किमान ०.५.

आता टाकायची पद्धत. कोरडी पावडर विहिरीत भिरकावायची नाही. ती वरच तरंगते, नाहीतर तळाला जाऊन बसते, आणि चुन्यानं पाणी जड होतं ते वेगळं. प्लॅस्टिकच्या बादलीत (लोखंडी नको, गंजते) थोड्या पाण्यात आधी गंधासारखी कालवा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला, ढवळा, पाच-दहा मिनिटं थांबा. एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नको. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना खड्ड्यात टाका. निवळाची बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली, आडवीतिडवी हलवा म्हणजे सगळीकडे मिसळतं. टाकीत टाकायचं असेल तर टाकी भरू लागल्यावर टाका, येणारं पाणीच ढवळून देतं. त्यानंतर किमान एक तास नळ सोडायचा नाही. हे काम रात्री झालं तर उत्तम. ऊन क्लोरीन खातं, आणि सकाळपर्यंत निवांत वेळ मिळतो.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. लाइट रात्री दोनला येते, टाकी भरायच्या आत लोक व्हॉल्व्हपाशी उभे असतात, आणि कित्येक गावांत मोटरचं पाणी टाकी टाळून थेट वितरणात सोडतात. तसं असेल तर तुम्ही कितीही पावडर ओता, क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. हा प्रश्न पावडरचा नाही, तो मासिक सभेत मांडायचा प्रश्न आहे.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. तुम्ही ओटी कुठे घेता? बहुतेक जण टाकीखालच्या नळाला नाहीतर ग्रामपंचायतीच्या नळाला घेतात. तिथे ती पॉझिटिव्हच येणार. ओटी घ्यायची गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळाला. वस्तीच्या टोकाला, जिथे पाणी करंगळीएवढं येतं तिथे. टाकीला ०.८ आणि शेवटच्या नळाला शून्य आलं तर मधे क्लोरीन कोणी खाल्ला? ती जागा शोधणं हे खरं जलसुरक्षकाचं काम.

बहुतेक वेळा ती जागा गटारात असते. आपल्या गावांत नळाची पाइप गटारातूनच गेलेली, व्हॉल्व्हचा खड्डा सांडपाण्यानं भरलेला. पाणी चालू असतं तोवर गळतीतून आतलं पाणी बाहेर येतं आणि लोक म्हणतात गळतीनं पाणी वाया जातं. खरी भीती पाणी बंद झाल्यावरची. पाइपमधला दाब उतरला की त्याच भोकातून गटार आत शिरतं. आपलं पाणी दिवसातून तासभर येतं, म्हणजे तेवीस तास पाइप गटार प्यायला मोकळी. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली की आणखी ओढ बसते. एका गावात जुलाबाची लागण सगळी एकाच आळीत होती. टाकी साफ, विहीर साफ, पावडर ताजी. आम्ही नळानळानं ओटी घेत गेलो. मारुतीच्या देवळापर्यंत पिवळा रंग, देवळापुढच्या मोरीनंतर पांढरं पाणी. मोरीखाली पाइपचा जोड निखळलेला होता. जोड बदलला आणि आठवड्यात लागण आटोपली. टाकीपाशी ओटी घेत बसलो असतो तर अजून पावडर वाढवत राहिलो असतो.

ओटीचा रंग लगेच बघा, थेंब टाकल्यापासून दहा सेकंदांच्या आत. मोकळ्या क्लोरीनचा पिवळा रंग चटकन येतो. पाच मिनिटांनी बघितलं तर क्लोरामाइनही रंग देतात आणि ओटी उगीच पॉझिटिव्ह वाटते. ट्यूब हातात घेऊन गप्पा मारणाऱ्यांची ओटी कधीच निगेटिव्ह येत नाही. आणि ते ओटीचं द्रावण अपायकारक आहे, तपासलेलं पाणी परत हंड्यात ओतायचं नाही, बोटाला लागलं तर धुवायचं. नव्या किटमध्ये गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी येते, ती मिळाली तर तीच वापरा.

ओटी पॉझिटिव्ह म्हणजे पाणी सगळ्या अर्थानं चांगलं असंही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याला टीसीएल काही करत नाही. नारूच्या (पिण्याच्या पाण्यातून पोटात जाणाऱ्या जंताचा रोग) काळात आम्ही विहिरीत वेगळं औषध टाकायचो आणि लोकांना पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला सांगायचो, कारण नारूची अळी पोटात घेऊन फिरणारा तो बारीक सायक्लॉप्स नेहमीच्या डोसला दाद देत नाही. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तरुण आरोग्य सेवकांना आता नारू म्हणजे काय हेही सांगावं लागतं, यासारखा आनंद नाही. असो.

आरओच्या एटीएमचं थोडक्यात. फ्लोराइड किंवा क्षार जास्त असतील तिथे आरओ कामाचं आहे, वाद नाही. पण ते पाणी यंत्रातून बाहेर पडतं तेव्हा त्यात क्लोरीनचा अंशही नसतो. महिनाभर आतून न घासलेल्या जारमध्ये ते भरलं, घरी त्यात तांब्या बुडवला, तांब्याबरोबर हात बुडाला, की संपलं. क्लोरीन हंड्यातही राखण करत बसलेला असतो, आरओ यंत्रापाशीच थांबतं. शिवाय एटीएमचं पाणी पिण्यापुरतं आणतात. भाजी धुणं, चूळ भरणं, लहान पोराचं तोंड धुणं नळाच्याच पाण्यानं होतं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा कित्येक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. हा जंतू क्लोरीनपुढे फार टिकत नाही. घरोघरी फिल्टर असलेल्या शहरालाही मग विहीर, टँकर आणि टीसीएलकडे वळून बघावं लागलं.

आता तुमच्या हातांचं आणि ठसक्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. पावडर ओलाव्याशी भेटली की झोंबते, आणि तुमचा घाम, डोळे, घसा सगळे ओलेच. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा म्हणजे पावडर तुमच्यापासून दूर उडेल. पोत्यात तोंड घालून वाटीनं उपसायचं नाही. आधी बादलीत पाणी, मग पाण्यात पावडर, म्हणजे धूळ कमी उडते. लांब रबरी हातमोजे, साधा गॉगल आणि नाकातोंडाला मास्क एवढं ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. मानधन तुटपुंजं आहे म्हणून हातमोजेही स्वतःच्या खिशातून घ्यायचे, असं कुठल्या नियमात नाही. काम झालं की हात भरपूर पाण्यानं धुवा आणि खोबरेल चोळा. डोळ्यात गेली तर न चोळता १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि दवाखान्यात जा. ठसका रात्रीही लागत असेल, छातीत शीळ वाजत असेल, तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून दाखवा. दम्याचा त्रास असलेल्या माणसानं हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोतं रॉकेल, डिझेल, खत यांच्याजवळ ठेवू नका, आग लागू शकते. आणि संडास धुण्याच्या अॅसिडशी तर तिची गाठच पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत त्यानं माणूस जागेवर आडवा होऊ शकतो. एका शाळेत संडास “चांगला निघावा” म्हणून शिपायानं दोन्ही ओतले होते. दार उघडं होतं म्हणून तो बचावला.

त्याहून मोठा धोका विहिरीत आणि टाकीत उतरण्याचा. गाळ काढायला, पडलेली बादली काढायला, फूटव्हॉल्व्ह बघायला तुम्हालाच सांगतील. झाकलेल्या किंवा बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत तळाला कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू कमी होतो. तिथे वास येत नाही, काही दिसत नाही. दिवा सोडून बघायची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण दिवा तेवत राहिला म्हणजे आत धोका नाही असं धरू नका. एकटं कधीच उतरायचं नाही. कमरेला दोर, वर दोन माणसं, आधी बराच वेळ हवा खेळवलेली. आणि आतला माणूस कोसळला तर दुसऱ्यानं तसंच खाली उडी घ्यायची नाही, त्याला दोरानंच ओढायचं. बातम्यांत एका विहिरीत तीन-तीन माणसं गेल्याचं वाचता ना, त्यातला दुसरा आणि तिसरा वाचवायला उतरलेला असतो.

राहिले सरपंच. त्यांच्याशी वासावरून वाद घालू नका, त्यात तुम्ही हरणार. एक साधी वही करा, शुद्धीकरणाच्या सरकारी नोंदवहीखेरीज तुमची स्वतःची. तारीख, पाण्याची खोली, पावडर किती ग्रॅम, टाकायची वेळ, नळ सोडायची वेळ, आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या नळाची ओटी. ओटी घेताना त्या घरातल्या बाईलाच ट्यूब धरायला द्या, रंग तिला वाचू द्या आणि तिची सही घ्या. वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्या घरापासून सुरुवात करा. तुम्हाला कोणी “कमी टाक” म्हटलं तर वहीत त्या दिवसापुढे तेवढंच लिहा, “अमुक यांच्या सांगण्यावरून डोस कमी केला”, आणि त्यांच्यापुढे सहीसाठी धरा. माझ्या अनुभवात अशी सही आजवर कोणी केलेली नाही.